अर्ध्या गोळीचा हिशेब

गेल्या उपवासकाळातील ही गोष्ट आहे. राखेच्या बुधवारनंतर दोन आठवडे उलटले असतील. आमच्या धर्मग्रामातील एक सेवानिवृत्त परिचारिका सकाळच्या मिस्सानंतर कचेरीत आल्या. मुंबईच्या एका रुग्णालयात त्यांनी बत्तीस वर्षे सेवा केली, त्यांतली बरीचशी बालविभागात. आता गुडघे धरतात, म्हणून काठी घेऊन चालतात. खुर्चीत टेकल्यावर त्यांनी पिशवीतून पाकीट काढले. पाकिटात पन्नास हजार रुपयांचा धनादेश होता. मुदत ठेव संपली होती आणि ती पुन्हा ठेवण्याचे वय राहिले नाही, असे त्या हसत म्हणाल्या.

"हे कशासाठी, बाई?" मी विचारले.

"एचआयव्ही झालेल्या लहान मुलांसाठी जे संशोधन चालतं, त्याला पाठवा, फादर."

माझी ऐकण्यात चूक झाली असे मला वाटले. "म्हणजे मुलांना?"

"मुलांना नव्हे. संशोधनाला."

त्याच आठवड्यात धर्मग्राम परिषदेची बैठक होती. विषय निघताच आमच्या एका ज्येष्ठ सभासदांनी, जे पूर्वी शिक्षक होते आणि अजूनही आकडेमोड तोंडी करतात, सरळ प्रश्न टाकला. "फादर, पलीकडच्या तालुक्यात सिस्टर लोक अशा मुलांचा आश्रम चालवतात. तिथे दूध लागतं, वह्या लागतात, औषध आणायला जायचं तर एसटीचं भाडं लागतं. समोर भुकेलं मूल असताना कुठल्याशा प्रयोगशाळेतल्या काचेच्या नळीत पैसे ओतायचे, हे आपल्या धर्मात बसतं का?"

त्या पन्नास हजारांपुरते उत्तर सोपे होते. दात्याने विशिष्ट हेतूने दिलेले दान त्याच हेतूसाठी वापरावे, असे ख्रिस्तसभेचे कायदेसंहिताच सांगते. तिथे आम्हांला निवड नव्हती. परंतु त्या बाईंचे पैसे कुठे जावेत हे कायद्याने ठरले, तरी त्यांचे म्हणणे योग्य होते का, हे कायद्याने ठरत नाही. शिवाय परिषदेतील दोघा तरुणांनी सुचवले की, उपवासकाळातील आमच्या दानपेटीतलीही काही रक्कम त्यात घालावी. तेव्हा प्रश्न आमच्या गळ्यातच येऊन पडला.

या प्रश्नाकडे तटस्थपणे पाहणे मला जमत नाही, हे वाचकांना आधीच सांगून टाकतो. २००३ साली, गुरुदीक्षा घेऊन मला काही वर्षेच झाली असताना, मी ज्या धर्मग्रामात होतो, त्याच्या शेजारी धर्मभगिनींचा एक लहानसा आश्रम होता. आईबाप एड्सने गेलेली अकरा मुले तिथे राहत. शासनाने विषाणुरोधक औषधे मोफत द्यायला आरंभ केला तो १ एप्रिल २००४ रोजी. त्यापूर्वी ज्याचा त्याने आपला मार्ग काढावा अशी स्थिती होती. एका परोपकारी गृहस्थांनी चारपाच मुलांच्या औषधांचा खर्च उचलला होता. भारतीय कंपन्यांनी तीन औषधे एका गोळीत बसवून किंमत खाली आणली होती, म्हणून तेवढे तरी शक्य झाले. पण गोळी होती मोठ्या माणसांची. संध्याकाळी स्वयंपाकघरातील ओट्यावर एक वयस्क सिस्टर भाजीच्या सुरीने ती गोळी कापत. कोणाला अर्धी, कोणाला चतकोर. चुरा कागदावर सांडला तर तो बोटाने टिपून मधात कालवत. मूल थुंकले तर पुन्हा किती द्यायचे, याचे उत्तर डॉक्टरांनाही देता येत नव्हते.

फार नंतर मला कळले की ही नुसती हाताच्या थरथरीची अडचण नव्हती. मूल म्हणजे लहान आकाराचा प्रौढ मनुष्य नव्हे. त्याचे यकृत काही औषधे मोठ्यांपेक्षा झपाट्याने शरीराबाहेर टाकते. गोळीतील तीन औषधांचे जे प्रमाण मोठ्यांना योग्य, ते मुलाला योग्य असेलच असे नाही. एक औषध अपुरे पडते, आणि अपुऱ्या औषधाला विषाणू लवकर सरावतो. त्या सिस्टरांची सुरी कितीही नेमकी असती, तरी हिशेब चुकलाच असता. कारण तो हिशेब तोवर कोणी नीट मांडलेला नव्हता. त्या अकरा मुलांपैकी एका पाच वर्षांच्या मुलीचा अंत्यविधी मी केला. तिला कोणते औषध मिळाले असते तर ती जगली असती, हे मला सांगता येणार नाही. एवढेच सांगतो की तिच्यावर प्रेम करणाऱ्यांची तिथे वाण नव्हती.

मुलांसाठी वेगळा शोध घ्यावा लागतो, ही गोष्ट जगाला एका आईने पटवून दिली. एलिझाबेथ ग्लेझर ही अमेरिकेतील स्त्री. १९८१ साली बाळंतपणात तिला रक्त द्यावे लागले आणि त्या रक्तातून हा विषाणू तिच्या शरीरात शिरला. अंगावरच्या दुधातून तो मुलीला, एरियलला, गेला. पुढे गर्भातच मुलालाही. मोठ्यांसाठी एझेडटी हे औषध १९८७ साली मान्य झाले होते, पण मुलांना ते द्यावे की नाही, किती द्यावे, हे ठरलेले नव्हते. एरियल १९८८ साली सातव्या वर्षी वारली. त्याच वर्षी तिच्या आईने दोन मैत्रिणींसह स्वयंपाकघरातील टेबलाशी बसून मुलांच्या एड्सवरील संशोधनासाठी एक संस्था उभी केली. एझेडटी मुलांसाठी मान्य झाले १९९० साली. आई १९९४ साली वारली. हाती असलेल्या पैशातून तिने आपल्या मुलीचे स्मारक बांधले असते, तर कोणी तिला दोष दिला नसता.

तिच्या मृत्यूच्या वर्षीच या विषयातील सर्वांत मोठी बातमी आली. अमेरिका आणि फ्रान्स या देशांत झालेल्या एका चाचणीत गरोदर स्त्रियांच्या एका गटाला एझेडटी दिले, प्रसूतीच्या वेळी शिरेतून दिले आणि जन्मल्यावर सहा आठवडे बाळालाही दिले. औषध न मिळालेल्या गटात शंभरांपैकी सुमारे पंचवीस बाळांना लागण झाली. औषध मिळालेल्या गटात आठांना. तोवर ज्या रोगापुढे वैद्यक हात टेकत होते, त्या रोगाची आईकडून बाळाकडे जाणारी वाट दोनतृतीयांश बुजवता आली होती.

इथेच आमच्या शिक्षकांच्या प्रश्नाला पहिला धक्का बसतो. मला सेमिनरीत नीतिशास्त्राच्या तासाला थॉमस अक्विनास यांचा 'प्रीतीचा क्रम' शिकवला होता. जो जवळचा, त्याचे देणे आधी. हा क्रम माणसाच्या स्वभावाला धरूनच आहे. पण त्याच अक्विनास यांनी हेही म्हटले आहे की, गरज पराकोटीची असेल तर परक्याला आपल्या माणसाच्या आधी मदत करावी लागते. आता संशोधन ज्याच्यासाठी करायचे, ते मूल जवळचे की परके? ते अजून जन्मलेलेच नसते. त्याला नाव नाही, चेहरा नाही, त्याचा फोटो फलकावर लावता येत नाही. समोरच्या मुलाचे रडणे ऐकू येते. ज्याला लागण होणारच नाही, ते मूल आभार मानायलाही कधी येणार नाही, कारण आपण कशातून वाचलो हे त्याला कळणारच नाही. दान घेणाऱ्याचा चेहरा पाहण्याची आपल्याला सवय झालेली आहे, आणि खरे सांगायचे तर त्या चेहऱ्यावरील कृतज्ञताही आपल्याला हवी असते. बाईंच्या धनादेशात ती सोय नव्हती.

शोमरोनी मनुष्याचा दृष्टान्त अशा वेळी सगळेच पुढे करतात. त्याने वाटेत पडलेल्याला उचलले, अभ्यास करायला तो घरी परतला नाही, असे आमचे शिक्षकही म्हणाले. खरे आहे. परंतु त्याने जखमांवर तेल आणि द्राक्षारस ओतला, असे शुभवर्तमान सांगते. जखमेवर तेल व द्राक्षारस उपयोगी पडतो, हे त्याला कोणी शिकवले? त्याच्या आधी केव्हातरी कोणीतरी ते करून पाहिले होते, फसले होते, पुन्हा पाहिले होते. त्या अनामिकाविना शोमरोन्याची करुणा रिकाम्या हाताची राहिली असती. अर्थात शेवटी सरायवाल्याच्या हातावर ठेवायला नाणीही लागलीच. तेव्हा एसटीचे भाडे क्षुल्लक आहे असे मी कदापि म्हणणार नाही.

पण संशोधन म्हटले की सारे पवित्र, असे मानणे भोळेपणाचे होईल. १९९४ च्या त्या उपचाराला एका आईमागे सुमारे ८०० डॉलर लागत. आफ्रिकेतील ज्या देशांत ही बाळे सर्वाधिक संख्येने जन्मत होती, तिथे आरोग्यावर माणशी होणारा वर्षाचा खर्च त्याच्या पासंगालाही पुरत नव्हता. तेव्हा थोडक्या दिवसांचा, स्वस्त उपचार चालेल का, हे तपासण्यासाठी आफ्रिका आणि थायलंडमध्ये चाचण्या सुरू झाल्या. त्यांत काही गरोदर स्त्रियांना औषधाऐवजी नुसती साखरेसारखी निरुपद्रवी गोळी दिली जात होती. १९९७ साली अमेरिकेतील दोघा डॉक्टरांनी यावर जाहीर आक्षेप घेतला: जे उपयोगी आहे हे ठाऊक झाले, ते तुम्ही आपल्या देशातील आईला नाकारू शकत नाही, मग गरीब देशातील आईला कसे नाकारता? संशोधकांचे उत्तर असे की, त्या स्त्रियांना एरवीही काहीच मिळणार नव्हते, आणि तुलना केल्यावाचून लवकर, खात्रीचे उत्तर मिळत नाही. १९९८ च्या आरंभी थायलंडचा निष्कर्ष आला. प्रसूतीपूर्वीच्या थोड्या आठवड्यांच्या औषधानेही लागण निम्म्यावर येत होती. त्यानंतर निरुपद्रवी गोळी देणे थांबले.

मी या वादावर पुष्कळ विचार केला आहे. चांगले व्हावे म्हणून वाईट करू नये, हे संत पौलाने रोमकरांस सांगितलेले सूत्र आम्हांला पाठ होते. त्या कसोटीवर, रिकामी गोळी घेऊन घरी गेलेल्या आईचे काय? तिला लुबाडले असे म्हणवत नाही. तिच्याजवळचे काही काढून घेतले नव्हते. पण तिचे दारिद्र्य तेवढे वापरून घेतले, ही बोच माझ्या मनातून जात नाही. माझे मत असे की आक्षेप घेणारे बरोबर होते, आणि तरीही त्या चाचण्यांनी असंख्य बाळे वाचवली. ही दोन्ही विधाने एकाच वेळी खरी आहेत, आणि त्यांना एकमेकांत विरघळवून टाकण्याचा मोह टाळला पाहिजे. मूळ अन्याय त्या ८०० डॉलरांत होता. औषधाची किंमत तशी नसती, तर हा पेच उभाच राहिला नसता.

पुढे युगांडातील कंपाला येथे १९९९ साली असे आढळले की नेव्हिरापिनची एक गोळी आईला प्रसूतीच्या वेळी आणि एक डोस बाळाला दिला तर लागण जवळजवळ निम्मी होते. खर्च अवघा चार डॉलर. दक्षिण आफ्रिकेचे शासन हे औषधही सर्व रुग्णालयांत द्यायला तयार नव्हते. तिथल्या संविधान न्यायालयाने जुलै २००२ मध्ये ते द्यायला लावले. आपल्या पुण्यातही ससून रुग्णालयाशी संलग्न बी. जे. वैद्यकीय महाविद्यालयात, इथिओपिया व युगांडाबरोबर, बाळाला एका डोसाऐवजी सहा आठवडे नेव्हिरापिन देऊन पाहिले. २००८ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले: सहा आठवड्यांच्या वयाला लागण जवळजवळ निम्मी दिसली, सहा महिन्यांपर्यंत तो फरक बराच ओसरला. अंगावरचे दूध चालूच होते आणि औषध थांबले होते. संशोधन हे असे असते; पुष्कळदा अर्धेच यश हाती येते. अमेरिकेतील मिसिसिपी राज्यात २०१० साली जन्मलेल्या एका बाळाला जन्मल्यावर तीस तासांतच औषध सुरू केले होते. ते बरे झाले म्हणून २०१३ साली जगभर आनंद झाला, आणि २०१४ साली विषाणू परत दिसला.

त्याच २००८ साली दक्षिण आफ्रिकेतून आलेला एक निष्कर्ष मात्र निर्विवाद होता. लागण झालेल्या तान्ह्या बाळांना, आजाराची लक्षणे दिसण्याची वाट न पाहता, दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यातच औषध सुरू केले, तर मृत्यू तीनचतुर्थांशांनी घटतात. औषध न मिळालेली अशी निम्मी बाळे दुसऱ्या वाढदिवसापूर्वी जातात. नेहमीची रक्तचाचणी तान्ह्या बाळात फसवी ठरते, कारण त्याच्या रक्तात आईची प्रतिपिंडे दीड वर्षापर्यंत राहतात. म्हणून विषाणूच शोधणारी वेगळी चाचणी लागते. आता टाचेतून काढलेले रक्ताचे थेंब कागदावर सुकवून दूरच्या प्रयोगशाळेत पाठवता येतात. ही काचेची नळी, शिक्षक महाशय, आमच्या आश्रमाच्या दारापर्यंत आली आहे.

एक विचित्र गोष्ट इथे सांगायला हवी. श्रीमंत देशांनी १९९४ नंतर आपल्या बाळांची लागण जवळजवळ थांबवली, आणि त्याच क्षणी मुलांच्या औषधाला पैसेवाला गिऱ्हाईक उरला नाही. डोल्युटेग्रॅव्हिर हे उत्तम औषध मोठ्यांसाठी २०१३ साली मान्य झाले. पाण्यात विरघळणारी त्याची मुलांची गोळी मान्य व्हायला २०२० साल उजाडले. सात वर्षे! विज्ञान एवढे अवघड नव्हते. घाई कोणालाच नव्हती. आंतरराष्ट्रीय संस्थांनी खरेदीची हमी दिली तेव्हा भारतीय कंपन्यांनी, त्यांत मुंबईची एक, या औषधाची किंमत पुष्कळ खाली आणली. व्हॅटिकननेही २०१७ साली औषध कंपन्या, चाचणी-यंत्रे बनविणारे आणि शासनांचे प्रतिनिधी यांना रोममध्ये एकत्र बसवले, आणि मुलांची औषधे लवकर आणण्याची वचने त्यांच्याकडून घेतली. खासगी मालमत्तेवर समाजाचे गहाण असते, असे पोप दुसरे जॉन पॉल यांनी १९८७ च्या आपल्या परिपत्रकात म्हटले होते. पेटंटालाही ते लागू नाही का?

'निष्पाप' या शब्दाविषयी माझी स्वतःची एक चूक कबूल करतो. पुष्कळ वर्षांपूर्वी, १ डिसेंबरच्या सुमारास, याच मुलांसाठी दान मागताना मी प्रवचनात त्यांना निष्पाप बळी म्हणालो. शब्द परिणामकारक होता. पेटी चांगली भरली. मिस्सानंतर एक तरुण स्त्री मागच्या खोलीच्या दाराशी उभी राहिली. "फादर, माझं बाळ निष्पाप. मग मी कोण?" तिला हा आजार नवऱ्याकडून आला होता, पण तसा आला नसता तरी तिच्या प्रश्नाचे वजन कमी झाले नसते. मला उत्तर देता आले नाही. मुलाला वाचवायचे आणि आईला पात्र समजून बाजूला ठेवायचे, ही माझ्या एकट्याची चूक नव्हती. एका गोळीच्या त्या स्वस्त उपचाराचीही तीच खोट होती: बाळ वाचे, आई तशीच राही, आणि त्या एका डोसाने पुढे तिलाच औषध लागू न पडण्याचा धोका वाढे. गरोदर स्त्रीला स्वतःसाठी, आयुष्यभर, पूर्ण उपचार द्यावा ही पद्धत मलावी या गरीब देशाने २०११ साली सुरू केली. भारतात ती २०१४ पासून आली. आई जगते, तिच्या रक्तातील विषाणू दबतो, आणि बाळाला लागण होण्याची शक्यता शंभरात एकदोनवर येते. त्या स्त्रीचा प्रश्न नीतीचा होता आणि त्याचे उत्तर वैद्यकातही तेच निघाले.

आता आजची स्थिती. २०२३ अखेर जगात सुमारे १४ लाख मुले या विषाणूसह जगत होती. त्या वर्षी १ लाख २० हजार मुलांना नव्याने लागण झाली आणि ७६ हजार मुले गेली. विषाणूसह जगणाऱ्यांत मुले शंभरात तीन-चार. एड्सने मरणाऱ्यांत शंभरात बारा. उपचार मोठ्यांपैकी तीनचतुर्थांशांहून अधिक जणांना मिळत होते, मुलांपैकी ५७ टक्क्यांना. ही तफावत चालू असतानाच जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेच्या शासनाने परदेशी मदत ९० दिवसांसाठी थांबवली, आणि पुढे त्या मदतीतील पुष्कळसा भाग कायमचा कापला गेला. आपल्या देशात उपचाराचा खर्च मुख्यतः केंद्र शासन उचलते, म्हणून आश्रमातील मुलांच्या गोळ्या थांबल्या नाहीत. आफ्रिकेत मात्र दवाखाने बंद झाले आणि चालू चाचण्या अर्ध्यावर सोडाव्या लागल्या.

पन्नास हजारांनी ही खिंड भरणार नाही, हे बाईंना माहीत होते. परिषदेच्या वतीने मी त्यांना जाऊन विचारले, की त्यांनी आश्रमालाच का दिले नाही. त्या अंगणात वाल सोलत बसल्या होत्या. सोलणे न थांबवता म्हणाल्या, "फादर, सुरुवातीच्या वर्षांत आमच्याकडे औषध नव्हतं, तेव्हा मी या मुलांना कुशीत घेऊन रात्र रात्र बसले. कुशीत घेतल्यानं एकही बरं झालं नाही. पुढं औषध आलं, तीच मुलं खाट सोडून व्हरांड्यात धावायला लागली. कुशी पाहिजेच. पण मी ती दिलेली आहे."

परिषदेने दोन बैठका घेतल्या. बाईंचा धनादेश त्यांच्या इच्छेप्रमाणे रवाना झाला. उपवासकाळातील दानातून एकपंचमांश रक्कम त्यात घालावी, असे सातविरुद्ध चार मतांनी ठरले. बाकीची आश्रमाच्या प्रवासखर्चाला आणि वह्यांना गेली. आमच्या शिक्षकांनी विरोधात मत दिले आणि पुढच्या रविवारी आश्रमासाठी स्वतःच्या निवृत्तिवेतनातून पाच हजार आणून दिले. पावती घेताना ते मला म्हणाले की आपले मत बदललेले नाही. पुढच्या वर्षीच्या उपवासकाळासाठी हा विषय त्यांनी आत्ताच कार्यक्रमपत्रिकेवर लिहून घ्यायला लावला आहे.